जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी लायब्ररी उबुंटू २४.०४ वर इन्स्टॉल होत नाही : सल्ला हवा

जुळणी_गिरगाव :
नमस्कार. गिरगावातील एका लहान प्रकाशन संस्थेत मी अक्षरजुळणी आणि संगणक अशी दोन्ही कामे पाहतो. आमच्या मासिकाचे १९९८ ते २००९ या काळातील अंक पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरून जुळवलेले आहेत. त्या मजकुरात ‘कि’ हे अक्षर साठवताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर येतो, तर रफार ज्या अक्षरावर असतो त्याच्या पुढे येतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असल्यामुळे नुसती चिन्हे बदलून भागत नाही. हे काम आम्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या एका छोट्या लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) करून घेत होतो. तिच्या कर्त्याने २०१७ नंतर तिच्यात काहीही बदल केलेला नाही आणि पत्रालाही उत्तर आलेले नाही.

गेल्या आठवड्यात कार्यालयातील संगणक उबुंटू या प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर नेला, म्हणजे पायथन ३.१० जाऊन ३.१२ आले. जुने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजे बसवण्याचे स्वतंत्र फोल्डर) त्या दिवसापासून एकही पॅकेज ओळखत नाही. नवे तयार करून पिप या इन्स्टॉलरने लायब्ररी बसवायला गेलो, तर सी भाषेतील फाइल कंपाइल होताना ‘लाँगइंटरेपर डॉट एच’ ही हेडर फाइल सापडत नाही, असे सांगून सर्व थांबते. दिवाळी अंकात जुन्या अंकांतील निवडक लेख पुन्हा छापायचे आहेत आणि त्यांतील निम्मे अजून रूपांतरित व्हायचे आहेत. जुनी प्रणाली परत आणावी, ही लायब्ररी दुरुस्त करावी की दुसरी शोधावी?

विक्रोळी_पूर्व :
पायथनच्या हेडर फाइली असलेले ‘डेव्ह’ पॅकेज बसवले आहे का? बहुतेक वेळा कंपाइल न होण्याचे कारण तेच असते.

जुळणी_गिरगाव :
होय, ते पहिल्याच दिवशी बसवले. ‘पायथन डॉट एच’ सापडते; अडते ते केवळ वर लिहिलेल्या एका फाइलपाशी.

दादर_सर्व्हर :
मग दोष आपल्या संगणकात नाही. ही हेडर फाइल पायथन ३.११ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये, आतल्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली गेली. आपल्या लायब्ररीतील सी फाइल हाताने लिहिलेली नसून सायथनने (पायथनसारख्या कोडपासून सी कोड बनवणाऱ्या साधनाने) निर्माण केलेली असणार, आणि २०१७ च्या सायथनला जुनाच पत्ता माहीत होता. आपण ३.१० वरून एकदम ३.१२ वर आल्यामुळे दोन आवृत्त्यांमधील बदल एकाच दिवशी समोर उभे राहिले आहेत. जुने एन्व्हायर्नमेंट रिकामे दिसण्याचे कारणही हेच : पॅकेजे ३.१० च्या फोल्डरमध्ये आहेत आणि आतली लिंक आता ३.१२ कडे बोट दाखवते. ती पॅकेजे नष्ट झालेली नाहीत, म्हणून ते फोल्डर कृपया पुसू नका.

माझा आग्रहाचा सल्ला असा की, लायब्ररी दुरुस्त करण्याआधी दिवाळी अंकाचे लेख हातावेगळे करा. पायथन ३.१० ची डॉकर इमेज घ्या (तिच्यापासून उभा राहणारा कंटेनर म्हणजे संगणकातील एक वेगळी, बंदिस्त प्रणाली), तीत लायब्ररी बसवा, मूळ मजकुराचे फोल्डर जोडा आणि उरलेले सर्व अंक एकदाच रूपांतरित करून युनिकोडमध्ये जतन करा. रूपांतरण हे प्रत्येक अंकाचे एकदाच करायचे काम आहे. त्यासाठी संपूर्ण संगणक मागे नेणे मला योग्य वाटत नाही. ३.१० ला सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत, पण लायब्ररी एकदा बसली की हे काम नेटवर्क बंद ठेवूनही होते.

विक्रोळी_पूर्व :
३.१० मध्ये लायब्ररीची व्हील फाइल (बसवायला तयार असे पॅकेज) बनवून तीच ३.१२ वर बसवली तर चालणार नाही का?

दादर_सर्व्हर :
शुद्ध पायथनची असती तर चालली असती. कंपाइल केलेल्या भागाची व्हील त्या-त्या आवृत्तीपुरतीच असते, त्यामुळे ३.१२ वरील पिप ती नाकारील. तरीही ती जपून ठेवा, पुन्हा कधी ३.१० चा कंटेनर उभारावा लागला तर उपयोगी पडेल.

मुलुंड_सायथन :
दुरुस्तीच्या बाजूने थोडे लिहितो, कारण अशाच एका लायब्ररीवर मी दोन रविवार घालवले आहेत. लायब्ररीच्या मूळ रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ‘पीवायएक्स’ फाइल, म्हणजे सायथनचा मूळ कोड, असेल तर सी फाइल फेकून द्या आणि नव्या सायथनने ती पुन्हा निर्माण करा. हेडर फाइलची अडचण तेथेच संपते. मात्र सायथन ३ घेतलेत तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. त्याच्या मूळ मांडणीत भागाकार पायथन ३ प्रमाणे होतो, म्हणजे ५ भागिले २ याचे उत्तर २ न येता २.५ येते. जुन्या कोडमध्ये अक्षराचे स्थान अशा भागाकाराने काढलेले असेल, तर कोड तक्रार न करता कंपाइल होईल आणि पुढे चुकेल. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘लँग्वेज लेव्हल’ २ (म्हणजे पायथन २ चे नियम) असे नमूद करा, किंवा सायथनच्या ०.२९ मालिकेतील अखेरची आवृत्ती वापरा, तीही ३.१२ वर चालते.

त्यानंतर इम्पोर्ट करताना ‘डिस्टयूटिल्स’ सापडत नाही अशी दुसरी तक्रार येण्याची शक्यता आहे. ते मॉड्यूल ३.१० मध्ये कालबाह्य घोषित झाले आणि ३.१२ मध्ये काढून टाकले गेले. जुने लेखक आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी त्याचा वापर करीत. सेटअपटूल्स हे पॅकेज बसवल्यास तात्पुरते भागते, पण ती ओळच काढणे अधिक बरे. दुरुस्त केलेली प्रत सार्वजनिक करण्यापूर्वी परवाना पाहा. एमआयटी हा मुक्त परवाना असेल तर मूळ कर्त्याची सूचना कायम ठेवून खुशाल प्रसिद्ध करा. परवानाच नसेल तर ती प्रत संस्थेबाहेर देऊ नका.

मुद्रितशोधन_ठाकुरद्वार :
मी संगणकाची जाणकार नाही, परंतु अशा रूपांतरित मजकुराची मुद्रिते अनेक वर्षे तपासते आहे, म्हणून एक विनंती. कोणताही मार्ग निवडलात तरी ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्या तपासल्याविना मजकूर छापायला देऊ नका. अर्धा र आणि रफार यांची गल्लत झाली, तर आचार्यांना दिलेली दक्षिणा स्वयंपाक्याच्या हाती जाते आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

दादर_सर्व्हर :
ताई, आपली सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. या लायब्ररीतील खरे धन तिच्या चिन्हांच्या तक्त्यात आहे. तो तक्ता वेगळ्या मजकूर फाइलमध्ये काढून ठेवला, तर उद्या सी भाषेचा भाग पूर्ण वगळून शुद्ध पायथनमध्ये तेच काम लिहिता येईल. काही हजार पानांसाठी वेगाची चिंता करण्याचे कारण नाही.

जुळणी_गिरगाव :
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कंटेनरमध्ये लायब्ररी पहिल्याच प्रयत्नात बसली आणि दिवाळी अंकाचे सर्व लेख रूपांतरित झाले. पीवायएक्स फाइल मिळाली आहे आणि परवाना एमआयटीच आहे. लँग्वेज लेव्हल २ ठेवून ३.१२ वर निर्माण केलेल्या प्रतीचे उत्तर ३.१० च्या उत्तराशी अक्षरशः जुळते. ताईंनी सांगितलेल्या जोड्या मात्र दोन्ही प्रतींत चुकल्या : ‘दऱ्या’ सर्वत्र ‘दर्या’ झाले आहे. म्हणजे दोष मूळ तक्त्यातच होता आणि आम्ही आजवर रूपांतरित केलेल्या अंकांतही तो असणार. आज दुपारपासून तक्ता वेगळा काढून त्यात अर्ध्या र-ची नोंद घालतो आहे. ताई, अशा आणखी जोड्या आठवत असतील तर कृपया येथे लिहाव्यात. त्या सर्व चाचणीत घालीन.