लेगॉस: इबेजू-लेक्कीत गोदामासाठी प्लॉट घ्यावा का?

नवा_लेगॉसकर:
नमस्कार मंडळी. इथे सुट्या भागांची आयात करतो. डांगोटे रिफायनरी आहेच, 2023 मध्ये लेक्की बंदरही सुरू झालं, त्यामुळे जो तो इबेजू-लेक्कीकडे धावतोय. एजंटने 600 चौ.मी.चे दोन प्लॉट दाखवलेत, म्हणजे आपले बारा गुंठे धरा. म्हणतो 'एक्सिजन प्रोसेसमध्ये आहे', आठवड्यात विसार द्या. देऊ का?

इलुपेजूचा_काका:
विसार खिशातच राहू द्या. 'प्रोसेसमध्ये' म्हणजे झालेलं नाही. त्या पट्ट्यातली बरीच जमीन सरकारने संपादित केलेली आहे. त्यातून गावाला परत सोडलेला तुकडा म्हणजे एक्सिजन, आणि तो राजपत्रात दिसला तरच खरा. सर्व्हेयर तुमचा न्या, एजंटचा नको. कोऑर्डिनेट्स घेऊन अलौसाला सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत चार्टिंग करा, म्हणजे जागा सरकारी नकाशावर ताडून बघा. 'कमिटेड', म्हणजे सरकारी कामासाठी राखलेलं, निघालं तर तिथूनच माघारी फिरा.

नवा_लेगॉसकर:
सातबारासारखं काही नसतं का हो?

इलुपेजूचा_काका:
नाही. 1978 च्या लँड यूज अ‍ॅक्टनुसार राज्यातली जमीन गव्हर्नरच्या हाती. आपल्याला मिळतो तो भोगवटा, त्याचा दाखला म्हणजे सी ऑफ ओ (सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी), 99 वर्षांपर्यंतचा. पुढे हस्तांतर करायचं तर गव्हर्नरची संमती.

वकीलीणबाई:
काका, ते 99 इथल्या नागरिकांना. लेगॉसच्या कायद्यात परदेशी माणसाला नूतनीकरण धरून 25 वर्षांपर्यंतचीच लीज, तीही मंजुरीने. कंपनीच्या नावे घ्यायचा विचार असेल तर आधी स्थानिक वकील गाठा. आणि विकणारं कुटुंब असेल तर त्या घरातल्या एकट्या काकाची सही चालत नाही. कुटुंबप्रमुख आणि प्रत्येक शाखेचे मुख्य सदस्य, सगळे हवेत. आपल्याकडच्या सामाईक वहिवाटीसारखंच, नंतर एखादा पुतण्या उगवतो.

अजाहवाला:
ओमो ओनिले विसरलात, जमिनीवर हक्क सांगून पैसे उकळणारी स्थानिक पोरं! पाया खणला की पोरं हजर, स्लॅबला पुन्हा हजर. 2016 च्या कायद्याने बंदी आहे, पण मला दोनदा पैसे द्यावे लागले. अजून एक, जागा जूनमध्ये बघा. जानेवारीत सगळंच कोरडं असतं. आणि चाळीस फुटी कंटेनर आत वळतो का, तेही बघा. रहिवासी लेआउट असेल तर गोदामाला परवानगीच मिळायची नाही.

नवा_लेगॉसकर:
सर्व्हेयर सोमवारी जातोय. एजंटला सांगितलं, तर म्हणे दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय.

इलुपेजूचा_काका:
बसू दे.