योकुलसारलोन एका दिवसात: रेक्याविकहून खासगी गाडी-गाइड करून जाऊन यावं का?

उत्तरवारा

आइसलंडला निघालेल्यांचे बेत वाचताना एक दिवस हमखास सापडतो. सकाळी सातला रेक्याविकच्या हॉटेलसमोर खासगी गाडी, सोबत गाइड, थेट योकुलसारलोनचं हिमसरोवर, हिमनग पाहायचे आणि रात्री त्याच हॉटेलात परत. माझं स्पष्ट मत आहे की हा बेत करू नये. खासगी गाइडला माझा विरोध नाही, एवढं अंतर एका दिवसात कापण्याला आहे.

रेक्याविक ते योकुलसारलोन साधारण 375 किलोमीटर. रस्ता क्रमांक 1, म्हणजे देशाला वळसा घालणारा रिंग रोड. वस्तीबाहेर डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 90, वाटेत काही एकेरी पूल. कुठेही न थांबता एका बाजूचे पाच तास धरावेच लागतात. जाऊन-येऊन दहा तास गाडीत. त्यात जेवण आणि 'वाटेतच आहेत ना' म्हणून सेल्यालांदफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे घातले की चौदा-पंधरा तासांचा दिवस होतो. ज्याच्यासाठी निघालो त्या सरोवरापाशी हाती उरतात दीड-दोन तास, आणि त्यातला अर्धा-पाऊण तास बोटीत जातो.

ती जागा दीड तासात उरकण्याची नाही. वात्नायोकुल या हिमटोपीने आइसलंडची सुमारे 8 टक्के जमीन झाकली आहे. तिच्यातून उतरणाऱ्या हिमनद्यांपैकी एक ब्रेइदामेर्कुरयोकुल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचं टोक समुद्रापासून जेमतेम किलोमीटरभर होतं. मग ती मागे हटू लागली, तिने खरवडलेल्या खोलगटात पाणी साठलं आणि 1930 च्या दशकात हे सरोवर दिसू लागलं. आज ते जवळपास 250 मीटर खोल आहे, देशातलं सर्वांत खोल सरोवर. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं. ओहोटीला लहान झालेले हिमनग आखूडशा नदीतून, पुलाखालून समुद्राकडे निघतात आणि काही पलीकडच्या काळ्या वाळूवर येऊन अडकतात. म्हणून सकाळी पाहिलेलं सरोवर संध्याकाळी तसं नसतं. तिथे बसून राहिलं तरच ही हालचाल दिसते, घड्याळ बघत आलेल्याला फक्त फोटो मिळतो.

माझं म्हणणं एवढंच: त्या बाजूला एक रात्र काढा. नाहीच जमलं तर एका दिवसासाठी सोल्हेइमायोकुल या जवळच्या हिमनदीला जा. रेक्याविकहून दोन-अडीच तास. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दात) लावून प्रमाणित गाइडबरोबर बर्फावर चालता येतं, संध्याकाळी माणूस ताजा परत येतो.

काठावरची

पूर्ण असहमत. आम्ही जूनमध्ये आईबाबांना घेऊन नेमका हाच प्रवास केला आणि संपूर्ण सहलीतला तो सर्वांत चांगला दिवस ठरला.

तुमच्या हिशोबात सोबतची माणसं कुठे आहेत? सत्तरी ओलांडलेल्यांना रोज नव्या खोलीत जायचं, बॅगा भरायच्या, अनोळखी पलंगावर झोपायचं, हे दहा तास गाडीत बसण्यापेक्षा जड जातं. आईच्या गुडघ्यांमुळे दर तासाला उतरून चार पावलं टाकावी लागत होती. चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये हे कोण करू देईल? आमच्या गाइडताईंनी निघतानाच विचारलं की उभं किती वेळ राहता येतं, आणि त्यावरून दिवस बसवला. आधी सरळ सरोवर, धबधबे परतीच्या वाटेवर. सगळ्या बस आधी धबधब्यांना थांबतात, त्यामुळे आम्ही गर्दीच्या पुढे राहिलो. जूनमध्ये तिथे मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य मावळतो, परतीचा सगळा रस्ता उजेडातच होता.

सरोवरापाशी दोन तास मिळाले. आईबाबांना ते पुरले. वाऱ्यात त्याहून जास्त वेळ उभं राहणं त्यांना झेपलंही नसतं. चाकांवरून थेट पाण्यात उतरणारी बोट असते, तिच्यात शिडीने चढवून दिलं की बसून सगळं दिसतं. बाबांनी हिमनगाचा तुकडा हातात धरला होता. आणखी एक रात्र तिथे काढून त्यांना याहून काय मिळालं असतं?

उत्तरवारा

काठावरची, जूनचा मुद्दा बरोबर आहे, आणि सरोवर आधी घेणं हे खऱ्या जाणकार गाइडचं लक्षण. पण असे बेत आखणारे बरेच लोक ध्रुवीय प्रकाशासाठी डिसेंबर-जानेवारीत जातात. डिसेंबरच्या शेवटी रेक्याविकला साधारण 11:20 ला सूर्य उगवतो आणि 15:30 ला मावळतो. सातला निघालात तर जाताना चार तास काळोख, परतीचा जवळजवळ सगळा प्रवास काळोखात. दक्षिण किनाऱ्याचे कडे, लाव्ह्याची शेवाळलेली मैदानं, लांबून दिसणाऱ्या हिमनद्या यांतलं निम्म्याहून जास्त खिडकीबाहेर असूनही दिसत नाही. शिवाय चाकांच्या बोटी साधारण मे ते ऑक्टोबरच चालतात. हिवाळ्यात गेलेल्याला तेही नाही.

मोजपट्टी

अंधारापेक्षा मला वेगळीच काळजी वाटते, ती चालकाची. मोठ्या बसला युरोपीय नियम लागू असतात आणि आइसलंड युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्याने तिथेही ते चालतात. दिवसाला 9 तास गाडी चालवणं, आठवड्यातून दोनदाच 10, आणि सलग साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती. पण हे नियम चालक धरून 9 पेक्षा जास्त आसनांच्या वाहनांसाठी आहेत. तुमची खासगी जीप त्यात येत नाही. म्हणजे 750 किलोमीटर चालवणारा, दिवसभर बोलणारा, तुमचे फोटो काढणारा आणि काल कदाचित दुसऱ्या कुटुंबाला घेऊन हेच करून आलेला माणूस रात्री दहा वाजता तुम्हाला परत आणतोय, आणि त्याने किती विश्रांती घेतली हे मोजणारं यंत्रही गाडीत नाही. ठरवण्याआधी विचारा: आदल्या दिवशी तुम्ही कुठे होता? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा शोधा.

वादळवाट

मोजपट्टींचा प्रश्न रास्त आहे, पण मग पर्याय काय? बहुतेक जण खासगी गाइड नाकारून स्वतः गाडी भाड्याने घेतात. हिवाळ्यात दक्षिण किनाऱ्यावर ते जास्त धोक्याचं आहे. तिथला वारा गाडीचं दार हातातून हिसकावून उलटं वाकवतो, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा येत नाही. वाळूचं वादळ उठलं तर काचा आणि रंग खरवडून निघतो. रस्ते अचानक बंद होतात. बर्फावर कधीच न चालवलेल्या माणसाने हवामान खात्याचा पिवळा-नारिंगी इशारा वाचून निर्णय घ्यायचा, की जो ते रोज करतो त्याने? माझ्या मते गाइडला दिलेल्या पैशातला मोठा वाटा याच एका निर्णयाचा असतो. 'आज विकच्या (वाटेतल्या गावाच्या) पुढे जायचं नाही' असं सांगून गाडी वळवणारा गाइड ज्यांना मिळाला त्यांनी तक्रार करू नये.

रेइनिस्फ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्याचंही तसंच. तिथल्या अचानक वर चढणाऱ्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. पाण्याकडे पाठ करू नका असं ओरडून सांगणारं कोणी सोबत असलेलं बरं.

निळेगार

एक गैरसमज दूर करतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. गाडीचा गाइड आणि हिमनदीचा गाइड हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. खासगी गाडी घेऊन येणारा माणूस उत्तम चालक आणि गप्पिष्ट असेल, पण त्याच्यासोबत बर्फावर चढायचं नाही. हिमनदीवर नेणाऱ्याला त्यातलं वेगळं प्रशिक्षण हवं: भेगा ओळखणं, दोरावरची सुटका. वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात हिमनदीवरची चाल किंवा बर्फगुहेची सहल विकायला उद्यानाशी करार असावा लागतो. म्हणून 'खासगी गाइडसह हिमनदी' असं लिहिलेलं दिसलं की विचारा: बर्फावर नेणार कोण?

25 ऑगस्ट 2024 ला ब्रेइदामेर्कुरयोकुलच्या बर्फगुहेत कडा कोसळला. गाइडसोबत गेलेल्या गटातला एक अमेरिकी पर्यटक दगावला, एक जण जखमी झाला. उन्हाळ्यात वितळपाणी गुहा पोखरत असतं, म्हणून नैसर्गिक गुहांचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या घटनेनंतर तिथल्या उन्हाळी गुहासहली थांबवण्यात आल्या. स्विनाफेल्सयोकुल या त्याच भागातल्या हिमनदीवर तर वरचा डोंगरकडा खचण्याच्या भीतीने 2018 पासून गाइडनी लोकांना नेणं थांबवलं. तेव्हा एका दिवसात सरोवर, गुहा आणि बर्फावरची चाल असं सगळं भरून देणारा कोणी भेटला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. घाईत कात्री लागते ती सुरक्षेच्या सूचनांना.

क्षितिजरेषा

मी उत्तरवारा यांच्या दुसऱ्या पर्यायाशी भांडायला आले आहे. ज्याच्याकडे खरोखर एकच मोकळा दिवस आहे त्याला तुम्ही सोल्हेइमायोकुलला पाठवता. ती हिमनदी राखेने काळवंडलेली, पुढ्यातलं तळं मळकट आणि हिमनग असलेच तर थोडे. मनात निळे हिमनग घेऊन आलेल्या माणसाला हे दाखवून 'बघ, झालं' म्हणायचं? अटलांटिक ओलांडताना वाटेत थांबलेल्या आणि पुन्हा कधीच तिकडे न जाणाऱ्या लोकांना दहा तास गाडीत बसण्याचा हक्क आहे. थकवा दुसऱ्या दिवशी विमानात जातो.

उत्तरवारा

हक्क आहेच. पण ती काळी राख कमीपणाची नाही. सोल्हेइमायोकुल मिरदाल्सयोकुल या हिमटोपीतून उतरते आणि त्या बर्फाखाली कातला ज्वालामुखी आहे. राखेचे पट्टे बर्फाच्या थरांत दडलेले असतात, वितळताना वर येतात. निळा रंगही तिथे दिसतो, फक्त भेगेत वाकून पाहावं लागतं: दाबाने बर्फातली हवा निघून गेलेली असते आणि दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. योकुलसारलोनमध्येही नुकताच उलटलेला हिमनगच गडद निळा दिसतो, उन्हावाऱ्यात काही काळ राहिला की पांढरा पडतो.

आणखी एक. तिथल्या जवळच्या शाळेची मुलं 2010 पासून दरवर्षी सोल्हेइमायोकुल किती मागे गेली ते मोजतात. पहिली मुलं जिथे उभी राहिली होती तिथून बर्फाचं टोक आता लांब गेलंय. वाहनतळावरून चालत जाताना हे अंतर स्वतःच्या पायाखाली मोजलं जातं. सरोवराच्या काठी उभं राहून हिमनदीची माघार दूरची वाटते, इथे ती अंगावर येते.

क्षितिजरेषा

हे सगळं समजतं आणि तरीही मी योकुलसारलोनलाच जाईन. हिमनग तरंगत पुढून जातो, त्याचा नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, मध्येच तो गडगडाट करून उलटतो. हे पाहायचंय. माहितीने ती ओढ भागत नाही.

पाणवठा

दोघांसाठी एक जीप 750 किलोमीटर पळवायची, तेही वितळणारा बर्फ पाहायला, याचं कोणालाच काही वाटत नाही? आइसलंडमधल्याच ओकयोकुलचा हिमनदीचा दर्जा 2014 मध्ये गेला, 2019 मध्ये तिथे स्मृतिफलक लावला. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे हिमनद्यांच्या जतनाचं वर्ष ठरवलं. निदान बसने तरी जा, माणशी धूर कमी होतो.

काठावरची

पाणवठा, वाटतं. पण विमानाने आइसलंडपर्यंत येण्याचा धूर या जीपच्या कितीतरी पट असतो. तो सोडून शेवटच्या दिवशी आईला बसमध्ये बसवून मन हलकं करण्यात मला अर्थ दिसत नाही. विजेवरची गाडी मागता येते, आणि गाडीत पाच-सहा जण भरून जाणं हे तर नक्की जमतं.

पाणवठा

विमानाचा धूर झालाय म्हणून जीपचा मोजायचा नाही, हे मला पटत नाही. पाच-सहा जण भरून जाणं पटतं.

मोजपट्टी

व्यवहाराचं एक सांगून ठेवतो. खासगी गाडीच्या किमतीत बोटीचं तिकीट बहुधा धरलेलं नसतं, ते वेगळं आणि आधी काढावं लागतं. वारा चढला तर बोट रद्द होते आणि तुमच्या गाइडचा त्यावर इलाज नसतो. अशा वेळी पश्चिमेला साधारण 10 किलोमीटरवरचं फ्यालसारलोन बघून घ्या. लहान सरोवर, गर्दी कमी, हिमनदीचा कडा जास्त जवळ.

उत्तरवारा

मी माझी भूमिका थोडी अरुंद करतो, सोडत नाही. मे ते ऑगस्ट, सोबत वयस्क माणसं, सरोवर आधी, गाइडला आदल्या दिवशी सुटी: हा बेत मला मान्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एका दिवसात जाऊन येणं मला अजूनही चुकीचंच वाटतं, गाइड कितीही चांगला असो. तेच पैसे दोन दिवसांत वाटा. पहिल्या दिवशी विकपर्यंत उजेडात, रात्र सरोवराच्या दोन्ही बाजूंच्या स्काफ्ताफेल ते हॉफ्नच्या पट्ट्यात, दुसऱ्या सकाळी सरोवर आणि करार असलेल्या लोकांबरोबर बर्फगुहा.

काठावरची

त्या पट्ट्यात खोल्या किती थोड्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही शोधल्या तेव्हा पुढचे दोन महिने भरलेले होते.

उत्तरवारा

उन्हाळ्यात हो. हिवाळ्यात मिळतात. म्हणून तर म्हणतोय, ज्या ऋतूत तिथे राहणं सोपं असतं त्याच ऋतूत लोक एका दिवसात परत यायची घाई करतात.

वादळवाट

हिवाळ्यात खोली घ्या, पण रद्द करता येईल अशीच. रस्ता बंद झाला तर तुम्ही विकला असाल आणि खोली हॉफ्नला.