मदत हवी आहे: बँक गॅरंटीच्या मसुद्यात काय बदलून घ्यावं?

वर्कशॉपवाला
नमस्कार मंडळी. ८० लाखांच्या फॅब्रिकेशनच्या ऑर्डरवर खरेदीदार २० टक्के अ‍ॅडव्हान्स देतोय. त्यापोटी १६ लाखांची अ‍ॅडव्हान्स गॅरंटी (अ‍ॅडव्हान्स बुडाला तर बँक भरेल अशी हमी) आणि वर ८ लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी (काम करारानुसार होईल याची हमी) मागतोय. मसुदा त्यांचाच, ‘विनाशर्त, मागणी येताच, कोणतीही हरकत न घेता’ असे शब्द आहेत. उद्या वाद झाला तर बँक आमचं ऐकेल का? आणि एक्स्पायरी आणि क्लेम डेट अशा दोन तारखा कशासाठी?

मसुदा_वाचा
बँक ऐकणार नाही. गॅरंटी हा बँक आणि खरेदीदार यांच्यातला स्वतंत्र करार असतो. उशीर कुणामुळे झाला हे बँक बघत नाही, मागणीचं पत्र अटींत बसतं का एवढंच बघते. कोर्ट स्थगिती देतं तेही उघड, गंभीर फसवणूक असेल किंवा कधीच भरून न येणारं नुकसान होणार असेल तरच. कराराचा नेहमीचा वाद त्यात बसत नाही. म्हणून जे काही भांडायचं ते गॅरंटी निघायच्या आधी.

पत्र मात्र तंतोतंत लागतं. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार (१९९९) या खटल्यात गॅरंटीत चीफ इंजिनिअरचं पद लिहिलेलं होतं आणि मागणी केली एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरने. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी चुकीची ठरवली. तेव्हा सही कुणाची, पत्र कुठल्या शाखेत द्यायचं, कुठल्या कलमाचा भंग झाला हे त्यात लिहायचं का, हे तिन्ही मसुद्यात आणा. ‘विनाशर्त’ शब्द खरेदीदार सहसा सोडत नाही, पण भंगाचं कलम लिहायला बरेच जण तयार होतात.

अ‍ॅडव्हान्स गॅरंटीत ही दोन वाक्यं हवीतच:
‘ही गॅरंटी १६,००,००० रुपये पुरवठादाराच्या अमुक खात्यात जमा झाल्यावरच लागू होईल.’
‘बिलांतून वळत्या झालेल्या अ‍ॅडव्हान्सइतकी गॅरंटीची रक्कम कमी होत जाईल.’

दुसरं नसेल तर ६० लाखांची बिलं होऊन १२ लाख वळते झाले तरी डोक्यावर १६ लाखांचीच जबाबदारी राहते, खरं देणं ४ लाखांचं असताना. वळती झाल्याचा पुरावा म्हणून बँक कोणता कागद धरेल तेही लिहा, नाहीतर बँक रक्कम कमी करायला हात लावणार नाही.

क्रेडिटडेस्क
तारखांबद्दल. एक्स्पायरी म्हणजे गॅरंटीची मुदत. क्लेम डेट म्हणजे मागणीचं पत्र शाखेत पोचायची शेवटची तारीख. पोस्टात टाकल्याची नव्हे. करार कायद्याच्या कलम २८ मधला तिसरा अपवाद २०१३ पासून लागू आहे. त्यात एक वर्षाचा उल्लेख आहे, म्हणून अनेक बँका सरसकट १२ महिन्यांचा क्लेम पीरियड (एक्स्पायरी ते क्लेम डेट हा काळ) धरायच्या. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये एल अँड टी विरुद्ध पीएनबी प्रकरणात सांगितलं की ते वर्ष कोर्टात जाण्याच्या मुदतीचं आहे, बँकेकडे मागणी करण्याच्या मुदतीचं नाही. हा निकाल शाखेत दाखवून ३ महिने मागा. गॅरंटीची मुदत १२ महिन्यांची धरली तर बँकेचं कमिशन क्लेम पीरियड धरून २४ ऐवजी १५ महिन्यांचं बसेल, त्यावर १८ टक्के जीएसटी आहेच.

मुदत संपत आली की खरेदीदार ‘वाढवा नाहीतर पैसे द्या’ असं पत्र देतो. त्या पत्रालाच बँक मागणी मानू शकते. वाढवायची असेल तर महिनाभर आधी अर्ज टाका.

वर्कशॉपवाला
धन्यवाद. मार्जिनची एफडी, म्हणजे गॅरंटीपोटी बँकेने तारण ठेवून घेतलेली ठेव, कधी सुटेल?

क्रेडिटडेस्क
मूळ गॅरंटी खरेदीदाराच्या जबाबदारी संपल्याच्या पत्रासह परत आली की. मूळ प्रत अडकवून ठेवली तर क्लेम डेट उलटेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हाही मसुद्यात ‘मूळ प्रत परत आली नाही तरी बँकेची जबाबदारी संपेल’ हे वाक्य असलेलं बरं.

मसुदा_वाचा
तुम्हीही कधी उपकंत्राटदाराकडून गॅरंटी घेतलीत, तर स्टँपपेपर बघून अ‍ॅडव्हान्स सोडू नका. खोट्या गॅरंट्या फिरतात. देणाऱ्या बँकेकडून तुमच्या बँकेत एसएफएमएसवर (बँकांमधली सुरक्षित संदेश यंत्रणा) संदेश येऊ द्या, आणि नंबर, रक्कम, दोन्ही तारखा कागदाशी ताडून बघा. मुदत वाढवली की त्याचाही वेगळा संदेश यायला हवा.