मदत हवी आहे : पुरात भिजलेल्या व्हिडिओ कॅसेटी

नमस्कार मंडळी. आमचे काका चित्रकार, सांगलीत खणभागात राहायचे. नव्वदच्या आसपास त्यांनी व्हिडिओवर बरेच प्रयोग केले. आयर्विन पुलाची पाण्यातली सावली, हळदीच्या ढिगावरून सरकणारा कॅमेरा; गोष्ट वगैरे काही नाही. घरात तेव्हा कुणाला कळलं नाही, मलाही नाही. काका गेले आणि ११ यू-मॅटिक (स्टुडिओत वापरायच्या जुन्या, मोठ्या कॅसेटी), १६ व्हीएचएस कॅसेटी माझ्याकडे आल्या. त्यातलं चित्रण आता डिजिटल करून घ्यायचं आहे.

२०१९च्या पुरात खालच्या फळीवरच्या सहा भिजल्या. झडप उचलली की फितीच्या कडेला पांढरी बुरशी आणि वाळलेला गाळ दिसतो. एक व्हीएचएस गावातल्या शूटिंगवाल्याला दिली. पठ्ठ्याने तशीच मशीनमध्ये सारली, वीतभर फीत चुरगळून बाहेर! तेव्हापासून एकीलाही हात लावू दिलेला नाही.

यू-मॅटिकची फीत पाऊण इंची, तिला डेकही (कॅसेट चालवायचं मशीन) वेगळा लागतो. पुण्या-मुंबईत कुणाकडे चालू डेक आणि टाइम बेस करेक्टर (जुन्या फितीचं थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) आहे का? बुरशी हाताने साफ करणारं कुणी? चिकट झालेल्या फिती पन्नासेक अंशांवर काही तास शेकतात म्हणे, पण घरच्या ओव्हनमध्ये ते करायची माझी छाती नाही.

आणि हो, चित्र 'सुधारून' देणारा नको. टीव्हीसमोर कॅमेरा धरून उठवलेली वेडीवाकडी वलयं काकांनी मुद्दाम केलीत, ती तशीच राहायला हवीत.

खर्चाचा अंदाजही सांगा. कुरिअरवर भरवसा नाही, कॅसेटी मी स्वतः घेऊन येईन.