चुंबकात शिरताच गॅलिनस्टन फुगतो, वर साय धरते. काय चुकतंय?

चॅनल_नाशिक:
फ्यूजन रिअ‍ॅक्टरच्या आतल्या भिंतीवर वाहता द्रवधातू ठेवायची कल्पना आहे, त्याचं छोटं मॉडेल फायनल इयरला करतोय. चॅनल ५० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद. गॅलिनस्टनची (गॅलियम, इंडियम आणि कथलाचं द्रव मिश्रण) खोली ५ मिमी, वेग सेकंदाला १० सेंमी. तळ आणि बाजू ३०४ स्टीलच्या, ३ मिमी. दोन्ही बाजूंना निओडिमियम चुंबक, मधे ०.३ टेस्ला. चुंबकाच्या तोंडाशी खोली ९ मिमी होते, वर करडी साय धरते आणि प्रवाह तुटतो.

सातपूर_वर्कशॉप:
फुगवट्याचं आणि सायीचं कारण वेगळं आहे.

चुंबकीय क्षेत्र आडवं, प्रवाह लांबीत, म्हणून धातूत उभा करंट तयार होतो. त्याला परतायला बाजूचं स्टील आयतं मिळतं आणि ब्रेक लागतो. बाजू आणि तळ अ‍ॅक्रिलिकचे करा. मग परतीचा करंट कडेच्या अगदी पातळ थरातूनच जाईल. तुमचा हार्टमान नंबर (चुंबकाचं बळ धातूच्या चिकटपणाच्या मानाने किती, ते सांगणारा आकडा) २८० च्या आसपास येतो, म्हणजे तो थर ०.१ मिमीचाच. तरी तोंडाशी थोडा फुगवटा उरेल, कारण तिथे क्षेत्र एकदम चढतं. चुंबकाची टोकं तिरकी लांबवा.

साय म्हणजे गॅलियम ऑक्साइड. झाकण लावून आर्गॉन सोडा. तरी थोडी धरतेच. टाकीतून धातू तळाकडून उचला, वरून खेचलात तर पंपात चिखल होतो. उरलेली साय अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीने काढा. पाण्याचा छोटा पंप चालणार नाही, धातू ६.४ पट जड आहे.

स्टँडला अ‍ॅल्युमिनियम अँगल असेल तर आजच काढा. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिककणांच्या सीमांमधून आत शिरतो आणि अँगल हाताने मोडतो, खारी बिस्किटासारखा.

गंगापूर_रोड:
वरच्यांशी सहमत. बाजू बदलल्यावर चॅनलच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड लावून लांबीत करंट द्या. ०.३ टेस्लाला साधारण ५० अ‍ॅम्पियरमध्ये धातूचं वजन जणू दुप्पट होतं, तो तळाला दाबून बसतो. रिअ‍ॅक्टरच्या छतावर धातू टिकवायची एक कल्पना हीच. पोलॅरिटी उलटी पडली तर मात्र धातू उचलला जाऊन बाहेर उडेल. सुरुवात ५ अ‍ॅम्पियरने, चष्मा घालून.

चॅनल_नाशिक:
धन्यवाद सर. नंतर रिअ‍ॅक्टरसाठी सुचवतात ते खरं लिथियम वापरता येईल का? १८०.५ अंशांना वितळतं, हीटर आहे.

सातपूर_वर्कशॉप:
कॉलेजच्या खोलीत नको. वितळलेलं लिथियम हवेतल्या नायट्रोजनशीही रिअ‍ॅक्ट होतं, काँक्रीटवर सांडलं तर त्यातल्या ओलाव्याशी. पाणी किंवा सीओटूचं एक्स्टिंग्विशर तर अजिबात चालत नाही. शिवाय तापमान वाढवलं की बाष्प भराभर सुटतं. कथील २३२ अंशांना वितळतं आणि बाष्प फार कमी देतं, म्हणून रिअ‍ॅक्टरसाठी तेही विचारात असतं. पण त्याचा अणू जड, थोडं जरी प्लाझ्मात (रिअ‍ॅक्टरमधल्या अतितप्त वायूत) गेलं तरी प्लाझ्मा थंड पडतो.

आणि हो, गॅलियम-इंडियम-कथलाचं हे मिश्रण ११ अंशांच्या आसपास गोठू शकतं. डिसेंबरात नाशिकचा पारा पहाटे त्याखाली जातो. पंप चालू करण्याआधी टाकी २५ अंशांपर्यंत गरम करा, नाहीतर इंपेलर जागीच अडकेल.