मदत हवी आहे: बेरेटा ९२ पिस्तुलाची कुठली आवृत्ती कुणाच्या हातात दाखवावी?

नमस्कार मंडळी,

एका चित्रकथेची चित्रं काढतेय. कथा तीन ठिकाणी घडते: १९७९ ची इटली, १९९१ चं आखाती युद्ध आणि नव्वदच्या दशकातला फ्रान्स. इटलीत काराबिनिएरीतला (तिथलं लष्करी शिस्तीचं पोलीस दल) एक हवालदार, आखातात अमेरिकन लष्करातला एक अधिकारी आणि फ्रान्समध्ये जांदार्मरीतली (तिथलं तसंच पोलीस दल) एक महिला अधिकारी. तिघांच्याही कमरेला संहितेत नुसतं ‘बेरेटा’ आहे, पुढे काही नाही. पेन्सिलचे कच्चे आराखडे तयार आहेत, शाई चढवण्याआधी जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा.

मी जेवढं वाचलं त्यावरून मूळ बेरेटा ९२ ही १९७६ च्या सुमाराची. ९×१९ मिलिमीटरचं काडतूस, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) १५ गोळ्या, सांगाडा (मुठीसकट खालचा भाग) ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पोलादाची. ओळखू येते ती वरून उघड्या असलेल्या स्लाइडमुळे, नळीचा बराचसा भाग वरून दिसतो. इथवर ठीक आहे. पुढे ९२एस, ९२एसबी, ९२एफ, ९२एफएस, ९२जी, ९२डी अशी जी अक्षरांची रांग लागते तिथे गाडी अडते. संदर्भासाठी जमवलेल्या छायाचित्रांत कुठे सेफ्टीचा खटका स्लाइडवर आहे, कुठे खाली सांगाड्यावर. मॅगझिन सोडायचं बटण कुठे मुठीच्या तळाशी, कुठे चापाच्या (ट्रिगरच्या) मागे. चापाभोवतीचं कडं कुठे गोल, कुठे पुढून चौकोनी. आणि छायाचित्राखाली सरसकट ‘बेरेटा ९२’ एवढंच.

वाचकांपैकी बहुतेकांना हे दिसणारही नाही, मान्य. पण ज्याने हे हत्यार वर्षानुवर्षं बाळगलंय त्याने पान उघडलं आणि खटका चुकीच्या जागी दिसला, तर त्याचा त्या पात्रावरचा विश्वास तिथेच उडेल. त्या माणसासाठी मला हे नीट काढायचंय.

आणखी एक. एका पूर्ण पानावर पिस्तूल आतून कसं चालतं याचा छेद दाखवायचाय. बहुतेक पिस्तुलांत नळीचं मागचं टोक खाली झुकतं, बेरेटात तसं होत नाही असं वाचलं. मग नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकतात कशी आणि सुटतात कशी? चार चौकटींत मांडता येईल इतपत कुणी समजावून सांगेल का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

चांगला धागा. अक्षरांच्या मागे लागू नका, आधी खटक्याची जागा बघा, निम्मं काम तिथेच होतं.

मूळ ९२ मध्ये सेफ्टी सांगाड्यावर, डाव्या बाजूला. घोडा (मागचा हातोडा, चाप दाबला की पुढे आपटतो तो) मागे ओढलेला ठेवून सेफ्टी लावता यायची. ही आवृत्ती फार काळ बनली नाही. इटालियन पोलिसांना घोडा सुरक्षितपणे खाली आणता येईल असं पिस्तूल हवं होतं, म्हणून ९२एस आली आणि खटका स्लाइडवर गेला. तो खाली दाबला की घोडा आपोआप खाली पडतो, पण फायरिंग पिनचा (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या पिनेचा) मागचा तुकडा खटक्याबरोबर फिरून घोड्याच्या वाटेतून बाजूला झालेला असतो, त्यामुळे गोळी सुटत नाही. मॅगझिनचं बटण मात्र ९२एसमध्येही मुठीच्या तळाशीच, डाव्या बाजूला. तुमच्या १९७९ च्या हवालदाराला हीच द्या: खटका स्लाइडवर, बटण तळाशी, चापाचं कडं गोल.

अमेरिकन चाचण्यांच्या निमित्ताने बटण चापाच्या मागे आलं आणि खटका दोन्ही बाजूंनी वापरता यायला लागला. ९२एसबीमध्ये फायरिंग पिनला आपोआप अडवणारा खिळा बसवला. चाप पूर्ण दाबल्याशिवाय पिन पुढे जाऊच शकत नाही. चित्रकाराने हे जवळून बघण्यासारखं आहे: मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) जरा पुढे स्लाइडच्या माथ्यावर एक छोटा गोल खिळा दिसतो आणि चाप दाबला की तो किंचित वर येतो. चाप ओढतानाचं क्लोजअप असेल तर तो नक्की दाखवा.

मग ९२एफ. चापाच्या कड्याची पुढची बाजू चौकोनी, दुसऱ्या हाताचं बोट टेकवता यावं म्हणून. मुठीचा पुढचा भाग तळाशी जरा पुढे वळलेला. नळी आतून क्रोमचा मुलामा दिलेली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकेने हीच एम९ म्हणून निवडली आणि तोवरचं लष्करी पिस्तूल, .४५ ची जुनी १९११ए१, मागे पडायला लागली. शेवटपर्यंत टक्कर दिली ती सिग साउअर पी२२६ ने. चाचणीत तीही उतरली होती, पण मॅगझिन आणि सुटे भाग धरून एकूण बोलीत बेरेटा स्वस्त पडली.

प्रतिसाद

वरच्या माहितीत भर घालतो, कारण १९९१ साठी एफ आणि एफएसमधला फरक महत्त्वाचा आहे.

१९८७-८८ च्या सुमारास अमेरिकेत काही पिस्तुलांच्या स्लाइड गोळीबार करताना तुटल्या आणि मागचा अर्धा भाग उडून वापरणाऱ्याच्या तोंडावर आला. जखमी झालेल्यांत नौदलाच्या सील दलाचे लोकही होते. दोष पोलादाचा की जास्त दाबाच्या काडतुसांचा, यावर बराच वाद झाला. बेरेटाचा उपाय साधा होता: घोड्याच्या पिनेचं डोकं मोठं केलं आणि स्लाइडच्या खालच्या बाजूला त्याच्यापुरती खाच पाडली. स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा त्या डोक्याला अडतो, सांगाड्यावरून सुटत नाही. हीच ९२एफएस. माझ्या मते या सगळ्या मालिकेतला हा सर्वांत मोलाचा बदल, आणि तो बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. तुमच्या अधिकाऱ्याला एफएससारखं पिस्तूल द्या. त्याच्या आसपासच्या एखाद्या सैनिकाकडे जुनी १९११ दाखवली तरी चालेल, तेव्हा ती पूर्ण हद्दपार झालेली नव्हती.

फ्रान्ससाठी ९२जी. तिथे ती पामास जी१ या नावाने परवान्यावर बनली. खटका स्लाइडवरच, पण तो सेफ्टीचं काम करत नाही. घोडा खाली आणायचा आणि सोडला की स्प्रिंगने परत वर. म्हणजे खटका खाली राहिलेला असं चित्र जांदार्मरीच्या पिस्तुलात येताच कामा नये. ९२डी तुमच्या कामाची नाही, तिला सेफ्टीचा खटकाच नाही आणि चापाचा ओढा दर वेळी लांब.

आता छेदाचं. बेरेटाने वॉल्टर पी३८ या जुन्या जर्मन पिस्तुलाची पद्धत घेतली. नळीच्या खाली एक लॉकिंग ब्लॉक असतो, त्याला दोन्ही बाजूंना पंख.

पहिल्या चौकटीत ब्लॉक वर, पंख स्लाइडच्या आतल्या खाचांत बसलेले. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकांना धरून सरळ मागे सरकतात, थोडंसंच. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते आणि दाब उतरतो.

दुसरीत नळीच्या मागच्या बाजूला असलेली छोटी पिन सांगाड्यावर आपटते आणि ब्लॉकला खाली ढकलते. पंख खाचांतून सुटतात, नळी थांबते. ही चौकट मोठी काढा, सगळी गंमत इथे आहे.

तिसरीत स्लाइड एकटी मागे जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते आणि घोडा मागे लोटते. चौथीत स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते, नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या जागेत) जातं आणि ब्लॉक पुन्हा वर चढतो.

नळी पूर्ण वेळ आडवीच राहते. स्लाइड वरून उघडी असल्यामुळे पुंगळीला बाहेर पडायला भरपूर जागा मिळते आणि ती अडकण्याचे प्रसंग कमी येतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दुसरी चौकट अर्ध्या पानाची करतेय. दोन शंका राहिल्या. गोळी झाडतानाच्या चित्रांत घोडा खाली असावा की मागे? आणि उपसंहारात २००८ सालचा एक अमेरिकन मरीन आहे, त्याचं काय?

प्रतिसाद

म्यानात असताना घोडा खाली टेकलेला. पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, कारण त्याच ओढ्यात घोडा मागे जाऊन सुटतो. त्यानंतर प्रत्येक वेळी स्लाइडने तो मागे लोटलेला असतो आणि चाप हलका लागतो. म्हणून दोन गोळ्यांच्या मधल्या चित्रात घोडा मागेच हवा. खटका वर असला की त्याच्याखालचा लाल ठिपका उघडा पडतो, म्हणजे पिस्तूल झाडायला तयार. रंगीत पानं असतील तर तो ठिपका विसरू नका. शेवटची गोळी गेली की स्लाइड मागे अडकून राहते.

मरीनला एम९ए१ द्या. ती २००६ ची, मरीन कोअरसाठी आलेली. नळीखाली सांगाड्यावर दिवा लावायची रेल आणि मुठीवर पुढेमागे बारीक चौकड्यांची पकड, एवढं काढलंत तरी ओळखू येईल. कथा २०१७ च्या पुढे नेणार असाल तर आधी विचारा, कारण त्या वर्षी अमेरिकेने सिग साउअर पी३२० वर आधारलेली एम१७ आणि एम१८ निवडली. त्यांना बाहेर घोडाच नाही आणि नळीही झुकणारी, म्हणजे तुमचा छेद तिथे लागू पडणार नाही.