मे महिन्यात ४१८ युनिट झाले. आधी काय बदलावे?

बोरिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. बोरिवली पश्चिमेला सातव्या, म्हणजे इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमचे टू बीएचके घर आहे. सासू-सासरे, आम्ही दोघे आणि यंदा दहावीत गेलेला मुलगा अशी पाच माणसे आहोत. जानेवारीच्या बिलात १९० युनिट होते, मे महिन्याच्या बिलात ४१८ झाले. तो आकडा पाहिल्यापासून सासरे भर दुपारी पंखा बंद करून बसू लागले आहेत आणि ते मला पाहवत नाही, म्हणून हा प्रश्न विचारते आहे.

घरात दीड टनाचा एक एसी आहे. तो अकरा वर्षांचा असून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात २० अंशांवर चालतो. त्याखेरीज चार जुने पंखे, चोकच्या पाच ट्यूबलाइट, बारा वर्षांचा फ्रिज, पंधरा लिटरचा गिझर, वॉशिंग मशीन आणि टीव्ही एवढेच आहे. मुलाचे म्हणणे सगळे दिवे एलईडी करावेत, यजमानांचे म्हणणे नवा एसी घ्यावा. गेल्या आठवड्यात एक विक्रेता दारावर येऊन प्लगमध्ये लावायची एक डबी दाखवून गेला. ती लावली की बिल तीस टक्क्यांनी उतरते असे त्याने सांगितले. सध्या पंधरा हजारांहून अधिक खर्च झेपणार नाही. तो कुठे करावा, याचे जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मुलुंडकर (निवृत्त विद्युत अभियंता)

ताई, आपण दोन महिन्यांचे आकडे दिलेत, हे फार चांगले केलेत, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. जानेवारी आणि मे यांच्यात २२८ युनिटांचा फरक आहे. जानेवारीत गिझर चालतो, मे महिन्यात बहुतेक घरांत तो बंदच असतो; पंखे थोडे अधिक चालतात हे खरे, तरीही या फरकाचा मोठा भाग एसीचाच आहे, हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही. आठ तासांच्या हिशेबाने महिन्याला २४० तास होतात आणि जुना दीड टनाचा एसी तासाला सरासरी एक युनिटाच्या आसपास घेतो. हिशेब जुळतो.

म्हणून पहिले काम बिनखर्चाचे. एसी २० ऐवजी २५ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा मंद गतीवर लावा. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज आहे. तारांकित (स्टार रेटिंगचे) एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावेत, असा नियम २०२० पासून लागू झाला तोही यासाठीच. पाच अंशांचा फरक म्हणजे आपल्या घरात महिन्याला पन्नास-साठ युनिट. एसीची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुऊन, पुरती वाळवून बसवा. मुंबईच्या हवेत एसीचे बरेचसे बळ हवा गार करण्याऐवजी तिच्यातले बाष्प काढण्यात खर्च होते. दार किलकिले राहिले, की बाहेरची दमट हवा सतत आत येते आणि यंत्र रात्रभर पाणीच गाळत बसते. दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी लावून घ्या. कुणी एसीऐवजी पाण्याचा कूलर सुचवला तर ऐकू नका. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, कारण तिथे पाण्याची वाफ पटकन होते. आपल्याकडे तो खोलीतला दमटपणाच वाढवतो.

आता पंधरा हजारांविषयी. दिव्यांच्या आधी पंख्यांकडे पाहा. जुना पंखा पूर्ण गतीवर ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा नवा पंखा तेवढ्याच वाऱ्याला तीस-पस्तीस वॅट घेतो. दिवाणखान्यातला पंखा दिवसाचे पंधरा तास चालत असेल, तर त्या एका पंख्यामागे महिन्याला अठरा ते वीस युनिट वाचतात. हाच पंखा दोन-तीन तासच वापरात असलेल्या खोलीत लावला, तर तीन-चार युनिट. म्हणून चारही पंखे बदलण्याची घाई करू नका. सर्वांत जास्त चालणारे दोनच आधी बदला. आजोबांना मात्र आजच सांगा, की त्यांचा जुना पंखासुद्धा तेरा तास चालला तेव्हा कुठे एक युनिट होते. उन्हाळ्यात वयस्कर माणसाने वाऱ्याविना बसून ते वाचवू नये. चोकची ट्यूब चोकसकट पन्नासच्या पुढे जाते, एलईडी वीस वॅटमध्ये तेवढाच उजेड देते; रोज सहा तास जळणाऱ्या एका ट्यूबमागे महिन्याला साधारण सहा युनिट वाचतात. मुलाचे म्हणणे चूक नाही, पण त्याचा क्रमांक दुसरा आहे.

त्या डबीवर एक रुपयाही घालवू नका. तिच्यात एक लहानसा कपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, सुधारतो हे खरे, परंतु घरगुती मीटर आकारणी करतो ती प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांची, आणि ती या डबीने बदलत नाहीत. स्वस्तातली अशी डबी तापून पेट घेण्याची भीती असते ती वेगळीच.

आणखी एक काम घरातच करून पाहा. खाली मीटर रूममध्ये आपल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकताना दिसेल आणि त्याच्याजवळ एका युनिटाला किती लुकलुकी, हा आकडा छापलेला असेल. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. एसी, पंखे, दिवे आणि दहा मिनिटांपुरता फ्रिजही बंद करून पाच मिनिटांत तो दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. घर बंद आहे असे आपण समजतो, तेव्हाही काय चालू असते ते त्यावरून कळेल.

गिरगावची माई

अभियंता साहेबांनी सगळे छानच समजावले आहे. मी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यापुरते लिहिते, कारण तिथले हिशेब आम्हा बायकांच्या हातातले असतात.

फ्रिज बारा वर्षांचा आहे म्हणून लगेच टाकून देऊ नका. आधी दाराचे रबर तपासा. दहा रुपयांची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी धरून दार लावायचे आणि नोट ओढायची. ती सहज सुटून आली, तर तिथून गारवा बाहेर पडतो आहे. आमच्या फ्रिजची नोट वरच्या कोपऱ्यात घट्ट बसत होती आणि खाली बिजागरीपाशी मात्र अलगद हातात येत होती. तिथे रबराच्या खाचेत पिठाचा आणि तेलाचा थर बसला होता. कोमट पाण्याने पुसल्यावर ते पुन्हा धरू लागले. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढू देऊ नका. भात आणि आमटी निवल्यावरच आत ठेवा.

गॅससुद्धा ऊर्जाच आहे, तो वेगळ्या बिलात येतो म्हणून आपण तो हिशेबात धरत नाही. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. एकदा आत दाब धरला गेला की पाण्याचे तापमान त्याहून वर चढत नाही. मोठ्या आचेने जास्तीची वाफ तेवढी शिट्टीवाटे उडून जाते. छोले आणि राजमा आठ तास भिजलेले असले, तर शिजण्याचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसू लागली आणि भांड्यांना काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करायला हवा.

पंधरा लिटरची एक बादली आपल्याकडच्या नळाच्या पाण्यापासून आंघोळीजोगी कोमट करायला पाव युनिटाहूनही थोडी कमी वीज लागते. तेवढीच लागावी असे वाटत असेल, तर गिझर आंघोळीच्या दहा मिनिटे आधी लावावा आणि सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. वीज वाचवण्यासाठी गॅस गिझर घेण्याचा विचार मनात आला, तर एवढे कृपा करून लक्षात ठेवा, की तो न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. बंद न्हाणीघरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. आमच्या भाचीच्या बाबतीत असे घडले होते. तिच्या सासूबाईंनी वेळीच दार ठोठावले आणि कडी तोडली, म्हणून ती वाचली. आजही पाण्याचा आवाज नुसता चालू राहिला, की माझ्या छातीत धडधडते.

चारकोपचा सचिव

ताई, आपण सर्वांत वरच्या मजल्यावर राहता याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. मीही वरच्याच मजल्यावर राहतो. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रात्री साडेदहाला स्टुलावर चढून मी छताला तळवा लावला, तेव्हा ते नुकत्याच विझवलेल्या शेगडीच्या कट्ट्यासारखे लागले. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो आणि एसीची पहिली तीन-चार तासांची मेहनत तीच उपसण्यात जाते.

त्या वर्षी सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला. ‘वरच्या मजल्याच्या गारव्यासाठी आम्ही का पैसे द्यायचे?’ असे काही सभासदांनी विचारले आणि ते विचारणे स्वाभाविक होते. परंतु गच्चीचे वॉटरप्रूफिंग तसेही करायचेच होते आणि गळती ही साऱ्या इमारतीची डोकेदुखी असते. आम्ही भेगा भरून घेतल्या, वॉटरप्रूफिंग केले आणि वरचा थर पांढऱ्या परावर्तक लेपाचा दिला. जुन्या मुंबईत गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करत, तिचाही उपयोग तोच. काम एप्रिलअखेर संपले. त्यानंतर रात्रीचे छत हाताला केवळ कोमट लागू लागले आणि एसी आम्ही रात्री दहाऐवजी साडेअकराला लावू लागलो. लेपावर धूळ आणि शेवाळ धरते, त्यामुळे दरवर्षी पावसाळा सरल्यावर तो घासून घ्यावा लागतो.

पश्चिमेच्या खिडकीला ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा उजेड अडवतो, पण ऊन काच ओलांडून आलेले असते आणि खोली तापायची ती तापतेच. बाहेरून बांबूची चिक सोडली, तर फरक दुसऱ्याच दिवशी जाणवतो.

सौर ऊर्जेचे सांगायचे तर फ्लॅटधारकाला एकट्याने फारसे काही करता येत नाही. सोसायटीला मात्र पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर संच बसवता येतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि तो वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, पावसाळ्यात अर्थातच कमी. लेप आणि संच दोन्ही करायचे असतील, तर लेप आधी करून घ्यावा.

बोरिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलगा आणि मी मीटर रूममध्ये जाऊन मोजणी केली. आमच्या मीटरवर ३२०० च लिहिले आहे. घर बंद ठेवून पाच मिनिटांत लाल दिवा दहा वेळा लुकलुकला. मुलाने वहीत गणित मांडले, तर साडेसदतीस वॅट आले, म्हणजे महिन्याला २७ युनिट, आणि तेही कुणी काहीही वापरत नसताना! वर जाऊन टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद केले आणि पुन्हा मोजले, तेव्हा तीनच लुकलुकी झाल्या. त्या इंटरनेटच्या राउटरच्या आहेत. इतकी वर्षे आम्ही रिमोटनेच टीव्ही बंद करत होतो.

एसी चार रात्री २५ वर ठेवला. पहिल्या रात्री यजमान दोनदा उठले, नंतर कुणाचीच तक्रार आली नाही. नव्या एसीचा विचार तूर्त मागे ठेवला आहे. एक शंका आहे: ३०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे शेजारी म्हणतात. ते खरे आहे का?

मुलुंडकर (निवृत्त विद्युत अभियंता)

नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने लागतो. पहिली १०० युनिटे पहिल्या दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या. म्हणजे आपल्या ४१८ पैकी शेवटची ११८ युनिटेच तिसऱ्या दराची आहेत. मात्र आपण जे वाचवता ते आधी या वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होते, म्हणून सुरुवातीच्या बचतीचे मोल अधिक. आणि जूनच्या बिलाची तुलना मे महिन्याशी करू नका, पाऊस सुरू झाला की वापर आपोआप उतरतो. गेल्या वर्षीच्या जूनचे बिल शोधून त्याच्याशी ताडून पाहा.

बोरिवलीकर

गेल्या जूनचे बिल सासऱ्यांच्या फायलीत सापडले, ३०६ युनिट आहेत. दिवाणखान्यातला पंखा येत्या रविवारी बदलतो आहोत आणि तो कोणत्या भिंतीच्या बटणावर घ्यायचा हे सासरेच ठरवणार आहेत. बिल आले की आकडा इथेच लिहीन.